मॉरिशस : उसाच्या बेटावर आठ दिवस

आम्हा बेळगावकरांना समुद्राचे फारसे अप्रूप नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी-वेंगुर्ला. सकाळी डबा भरून निघालेले कुटुंब दुपारी वाळूत पाय रोवून बसलेले असते. त्यामुळे 'या मे महिन्यात सगळे मिळून मॉरिशसला जाऊ' असे चिरंजीवांनी जाहीर केले, तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हेच, "अरे, समुद्रच बघायचा तर परदेशात कशाला?" यांनी तर वर्तमानपत्रातून डोकेही वर काढले नाही. उत्साह होता तो नऊ वर्षांच्या नातवाला. त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचले होते. "आजी, डोडो पक्षी तिथलाच ना? आपल्याला दिसेल?"

डोडो जगातून नाहीसा होऊन साडेतीनशे वर्षे झाली हे त्याला कसे सांगावे, या विचारात मी होते. पण आठ दिवसांनी परतताना लक्षात आले, की त्या पोराचाच प्रश्न खरा होता. मॉरिशसला काय दिसते, यापेक्षा काय गेले आणि काय राखले, हे समजून घेतले तरच त्या बेटाची सहल पुरी होते. नाही तर निळे पाणी आणि पांढरी वाळू जाहिरातीच्या कागदावरही दिसतेच की!

विमानातून दिसला तो ऊस

मुंबईहून सहा-साडेसहा तासांचा प्रवास. विमान खाली येऊ लागले तशी सगळ्यांनी निळ्या पाण्यासाठी खिडक्यांना नाके लावली. मी मात्र दुसरेच काही बघून चकित झाले. खाली सगळा ऊस! डोंगराच्या पायथ्यापासून थेट समुद्रापर्यंत हिरवेगार फड, आणि त्यांवर नुकते डोलू लागलेले तुरे. माझे माहेर चिकोडीकडचे. उसाच्या फडात लपाछपी खेळून आम्ही मोठे झालो. हजारो मैल उडून आलो आणि उतरलो ते माहेरच्या शिवारात, असे वाटून गेले.

फक्त एक वेगळेपण होते. फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही तर देवळाच्या शिखरासारखे रचलेले. आमच्या टॅक्सीवाल्या भाऊंनी भोजपुरी वळणाच्या हिंदीत सांगितले, "हे आमच्या पणजोबांनी उचललेले दगड." मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. जमीन सगळी काळ्या पाषाणाने भरलेली. हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी हातांनी ते दगड वेचले, ढीग घातले, तेव्हा कुठे नांगर चालला. पुढे आठ दिवस जिथे जिथे गेलो तिथे ते ढीग दिसत राहिले, आणि दर वेळी पाठीतून एक कळ गेल्यासारखे झाले.

बेट तसे लहानच. उत्तर-दक्षिण लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावहून निपाणीला जाण्याइतकीही नाही. रुंदी ४५ किलोमीटर. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. डच १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव बेटाला दिले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. त्याआधी इथे मूळचे असे कोणी माणूस राहतच नव्हते. होते ते पक्षी, कासवे आणि घनदाट रान.

वाळू कुठून येते?

आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाक या गावी होता. लांबच लांब पांढरा किनारा आणि मागे सुरूचे बन. सुरूची झाडे बघून कोकणाची आठवण आलीच. रविवारी तर सगळे गाव तिथे लोटते. मोठमोठी पातेली, चटया, म्हातारीकोतारी माणसे, आणि संध्याकाळी 'रावान' नावाच्या डफासारख्या वाद्यावर 'सेगा'चा ताल. सेगा हे मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे गाणे-नाचणे. किनारा कितीही महागड्या हॉटेलासमोरचा असला, तरी भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची, असा तिथला नियम आहे. ही गोष्ट मला फार आवडली.

पाणी इतके शांत, की नातू पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. कारण काय? किनाऱ्यापासून दूर, पाण्यात एक पांढरी रेघ सतत फेसाळत असते. ती प्रवाळाची भिंत. जवळजवळ सगळ्या बेटाला तिचा वेढा आहे. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आत उरते ते तळ्यासारखे निळे पाणी. किनाऱ्याची वाळूही तिथूनच येते. मेलेली प्रवाळे, शिंपले झिजून आणि प्रवाळ कुरतडून खाणाऱ्या माशांच्या पोटातून बारीक होऊन ती बनते. आपल्या नदीच्या वाळूसारखी ती डोंगरातून वाहत आलेली नाही, समुद्रातल्या जिवांनी ती घडवलेली आहे.

हे कळले ते एका प्रसंगातून. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघून परत आलो. नातवाच्या मुठीत किनाऱ्यावर सापडलेला, बोटाएवढा पांढरा प्रवाळाचा तुकडा होता. शाळेत दाखवायला नेणार, म्हणाला. होडीवाले वयस्क गृहस्थ खाली वाकले, त्याच्या मुठीवर हात ठेवून हिंदीत म्हणाले, "बेटा, हे घर आहे. घर खिशात घालतात का?" नातवाने मुकाट्याने तुकडा पाण्यात सोडला. मी घाईघाईने "नाही हो, लहान आहे तो" म्हणू लागले, तर म्हणाले, "माताजी, लहानांनाच सांगायचं. मोठे ऐकतात कुठं?"

खरेच आहे. एके काळी बांधकामासाठी याच निळ्या पाण्यातून होड्या भरभरून वाळू उपसली जात होती. तो उपसा २००१ मध्ये सरकारने बंद केला. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ मध्ये आणि २०१६ मध्ये जगभर तसे झाले, तेव्हा मॉरिशसलाही त्याची झळ लागली. भिंत खचली तर लाटा आत येणार, आणि वाळू वाहून जाणार. काही ठिकाणी किनारा मागे सरकलेला, झाडांची मुळे उघडी पडलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली.

भिंत नसेल तर काय होते, हे बघायचे असेल तर दक्षिणेला सुइयाक गावाजवळच्या ग्री-ग्री या ठिकाणी जावे. तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. जवळच एक 'रडणारा खडक' आहे. लाट त्याच्यावर फुटली की पाणी ओघळत राहते. फ्लिक-आं-फ्लाकला गुडघाभर पाण्यात बसून गप्पा मारणारे आम्ही, इथे कठड्यापासून दहा पावले मागे उभे होतो. समुद्र तोच, मधली भिंत तेवढी नाही.

सात रंगांची माती आणि उरलेले रान

तिसऱ्या दिवशी किनारा सोडून डोंगरात शिरलो. शामारेलची सात रंगांची माती सगळे बघतात, आम्हीही पाहिली. लाल, तपकिरी, जांभळट, निळसर असे मातीचे उंचवटे, रांगोळीचे ढीग ओतून ठेवावेत तसे. ज्वालामुखीचा खडक कुजून त्याची माती झाली आणि त्यातल्या लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या संयुगांनी हे रंग दिले. पावसातही हे रंग एकमेकांत मिसळून जात नाहीत, हेच नवल. शेजारीच शामारेलचा धबधबा आहे. आपला गोकाकचा धबधबा रुंद, हा मात्र सडपातळ आणि खोल.

तिथून वर गेले की ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान लागते. १९९४ मध्ये ते जाहीर झाले. ६५ चौरस किलोमीटरच्या वर जंगल, दऱ्या, धबधबे. मी म्हटले, "किती छान हिरवेगार आहे!" तिथला तरुण मार्गदर्शक हसला आणि म्हणाला, "हिरवे आहे, पण यातले पुष्कळसे आमचे नाही." हा चिनी पेरू बाहेरचा, ही माकडे जावा बेटावरून आलेली, हरणे डचांनी आणलेली. मूळचे अस्सल रान बेटावर शंभरात दोन भागही उरलेले नाही. आधी शिसवासारख्या काळ्या एबनीच्या लाकडासाठी ते तुटले आणि मग उसासाठी.

उसासाठी! माहेरचा ऊस बघून मन भरून आले होते, ते इथे थोडे खाली बसले. ऊस डचांनीच १६३९ मध्ये इथे आणला. फ्रेंचांनी तो वाढवला, इंग्रजांच्या काळात तर सगळे बेटच उसाखाली आले. आपल्या भागात विहिरींचे पाणी खोल गेले, तेव्हा आपणही हाच हिशेब थोडासा शिकलो. गोड पिकाची किंमत कुणीतरी कडूपणाने चुकवत असते.

पण याच रानाची एक आशेची गोष्ट आहे, आणि ती मी नातवाला दोन-तीनदा सांगायला लावली. मॉरिशसचा एक छोटा ससाणा आहे, केस्ट्रेल. १९७४ मध्ये रानात असे फक्त चार पक्षी माहीत होते. चार! डीडीटीची फवारणी, तुटलेले रान, बाहेरून आलेले उंदीर, मुंगूस आणि माकडे यांनी त्याची ही दशा केली होती. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण तिथे गेला. त्याने काय केले, तर घरट्यातली पहिली अंडी हळूच काढून घेतली. मादीने पुन्हा अंडी घातली. पहिली अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवली, रानात सोडली, पेट्यांची घरटी बांधून दिली. चाराचे चाळीस, चाळीसाचे काही शे झाले. तसेच गुलाबी कबुतराचे. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरले होते, आज पाचशेच्या आसपास आहेत. हिरव्या एको पोपटाचेही तसेच.

संकट टळले, असे मार्गदर्शक म्हणाला नाही. "रान वाढले नाही, तर पक्षी राहणार कुठे?" एवढेच म्हणाला.

ल मॉर्नचा डोंगर

नैर्ऋत्य टोकाला समुद्रात पाय सोडून बसलेला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. उंची ५५६ मीटर, बाजूंनी सरळ तुटलेले कडे. खालचा किनारा जगातल्या सुंदर किनाऱ्यांत गणला जातो. वाऱ्यावर पतंग लावून पाण्यावर घसरणारे गोरे पाहुणे दिवसभर दिसतात. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून पाहिले तर इथे समुद्राच्या आत धबधबा कोसळतोय असा भास होतो. तो धबधबा नव्हे, उथळ कडेवरून खोल पाण्यात घसरणारी वाळू.

पण हा डोंगर नुसता देखणा नाही. ऊसमळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहत. तिथे पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगतात. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, हे सांगायला शिपाई डोंगर चढू लागले. वरच्या लोकांना वाटले, धरायला आले. पुन्हा बेड्या नकोत म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कागदोपत्री याचा दाखला नसेलही, पण १ फेब्रुवारीला सगळा देश सुटी घेऊन त्यांची आठवण काढतो. २००८ मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पायथ्याशी दगडी स्मारक आहे. आम्ही तिथे बसलो. यांनी चप्पल काढून ठेवली. कुणी सांगितले नव्हते.

कासवांचे बेट आणि पाचटाची दोरी

आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर हे जुने बंदर. तिथून होडीने काही मिनिटांवर इल-ओ-एग्रेट नावाचे चिमुकले बेट आहे, सव्वीस-सत्तावीस हेक्टरांचे. १९६५ पासून ते राखीव आहे. उंदीर, मांजरे काढून, परकी झाडे उपटून आणि जुनी देशी झाडे लावून तिथे मूळचे मॉरिशस पुन्हा उभे केले आहे. एका वेळी थोडेच लोक, सोबत मार्गदर्शक, पायवाट सोडायची नाही.

तिथे मोठमोठी कासवे फिरत असतात. एवढी मोठी, की नातू त्यांच्या पाठीमागे दडला तर दिसेना. ही मूळची इथली नव्हेत. इथली कासवे खलाशांनी खाऊन संपवली. मग एबनीच्या झाडाला अडचण आली. त्याची फळे गिळून बी दूर नेऊन टाकणारे कुणी उरले नाही, फळे झाडाखालीच कुजू लागली. तेव्हा अल्डाब्रा बेटावरच्या राक्षसी कासवांना आणून सोडले. ती फळे खातात, फिरतात, आणि त्यांच्या शेणातून एबनीची रोपे उगवतात. शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला यावर वेगळे भाष्य नको.

डोडोची हकीगत इथेच ऐकली. डोडो हा कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा पक्षी. माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता, म्हणून घाबरायचे हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याची अंडी डचांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी फस्त केली. १५९८ ला डच उतरले, आणि डोडो पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद आहे १६६२ ची. म्हणजे शंभर वर्षेही नाहीत. नातवाचा चेहरा पडला. एवढ्यात डोक्यावरच्या फांदीवर एक पक्षी येऊन बसला. फिकट गुलाबी छाती, तपकिरी पंख. मार्गदर्शकाने ओठांवर बोट ठेवले आणि हळूच म्हणाला, "डोडोचा भाऊबंद." गुलाबी कबूतर! दहांवरून पाचशेंवर आलेले. नातू त्याच्याकडे टक लावून बघत राहिला, आणि फोटो काढायलाही विसरला.

याच समुद्रात २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचे प्रचंड मालवाहू जहाज प्रवाळाच्या भिंतीवर येऊन रुतले. मोबाइलचे सिग्नल मिळावे म्हणून ते किनाऱ्याजवळ आणले गेले होते, असे पुढे चौकशीत निघाले. ६ ऑगस्टला जहाज फुटून काळे तेल वाहू लागले. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. एग्रेट बेट अगदी तोंडाशीच. तिथली दुर्मीळ रोपे आणि पाली-सरडे घाईने मोठ्या बेटावर हलवावे लागले.

मग गावकऱ्यांनी काय केले? सरकारी मदतीची वाट बघत ते बसले नाहीत. उसाचे पाचट आणले. ट्रॉल्या भरभरून पाचट! ते कापडाच्या लांबलचक पिशव्यांत दाबून भरले, तरंगावे म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घातल्या, आणि किनाऱ्यावर बसून बायका-पुरुषांनी, शाळकरी मुलांनी हाताने शिवण घातली. पाचट तेल शोषून घेते. केसही शोषतात, म्हणून बायकांनी आपले केस कापून दिले. अशा मैलभर लांबीच्या पाचटाच्या दोऱ्या समुद्रात सोडून त्यांनी तेल अडवले. सगळे अडले नाही. खारफुटीत काळे डाग राहिले, मासेमारी बंद पडली. पण पुष्कळ वाचले.

ज्या उसाने रान खाल्ले, त्याच उसाच्या पाचटाने समुद्राला हात दिला. आपल्याकडे तोडणी झाली की पाचट आपण बिनदिक्कत पेटवून देतो. त्या दिवशी माहेबूरच्या धक्क्यावर मला त्याची लाज वाटली.

गिरमिट आणि जाखडी

गिरमिट म्हटले की आपल्याला धारवाड-हुबळीकडचे चमचमीत चुरमुरे आठवतात. मॉरिशसचे गिरमिट वेगळे. 'ॲग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे ते मजुरांच्या तोंडचे रूप. गुलामगिरी उठल्यावर ऊसमळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून १९२० पर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून करारावर जवळपास पाच लाख माणसे तिथे उतरली. राजधानी पोर्ट लुईमध्ये ती ज्या धक्क्यावर उतरली, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा आहे. दगडी पायऱ्या अजून आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जपल्या आहेत. आजही कितीजण तिथे आपल्या पणजोबांचा क्रमांक शोधायला येतात.

मुंबईच्या जहाजांतून आपली माणसेही गेली, कोकणातली पुष्कळ. त्यांच्या वस्तीचे कास्कावेल हे गाव आमच्या मुक्कामापासून जवळच होते. टॅक्सीवाले भाऊ घेऊन गेले. देवळाजवळ एक वयस्क बाई भेटल्या, फुलांचा झगा घातलेल्या, केस पांढरेशुभ्र. 'नमस्कार' म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे बोलणे क्रिओल, थोडी हिंदी. मराठी विचारली तर म्हणाल्या, "आजी बोलायची. आम्ही आरती बोलतो." आणि गणपतीची आरती त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हटली. उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे, पण शब्द एकही चुकला नाही. मग म्हणाल्या, गणपतीत आमची 'झाकरी' असते, रात्रभर. मला दोन क्षण लागले. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी! गोल रिंगण, मध्ये ढोलकी, पायांत चाळ. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुटी असते. शाळांतून मुले मराठी शिकतात.

बोलायची भाषा सुटली, पण आरती आणि रिंगण सुटले नाही. त्या बाईंच्या घरात कुणी मराठी वर्तमानपत्र येत नाही, कुणी बाजारात मराठी बोलत नाही. तरी दीडशे वर्षे त्यांनी मुठीत एवढे धरून ठेवले. एग्रेट बेटावरच्या माणसांची आठवण झाली. मुठीएवढ्या जागेत जे उरले ते राखायचे, मग हळूहळू वाढवायचे.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळून डालपुरी दिली. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेली, पण तिखटामिठाची. पुरणपोळीची सासरी गेलेली बहीणच म्हणा ना.

जाण्यापूर्वी

वाचक मैत्रिणींसाठी थोडे उपयोगाचे. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा, हवा सुखद. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर वारा फार, म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असतील तर पश्चिमेला राहावे. भारतीयांना थोड्या दिवसांच्या सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची तजवीज दाखवावी लागते. निघण्याआधी नियम एकदा तपासून घ्यावेत. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथला रुपया आपल्या रुपयाहून महाग आहे, हे खरेदी करताना विसरू नये.

शाकाहारी माणसाची अजिबात उपासमार होत नाही. रस्तोरस्ती डालपुरी आणि डाळीचे तिखट वडे मिळतात. पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत, तळाशी काटेरी जीव असतात. प्रवाळावर पाय देऊ नये, शिंपले-प्रवाळ उचलू नयेत. पहाटे तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन दाखवायला होड्या नेतात. डॉल्फिन दिवसा तिथे विश्रांतीला येतात, त्यांच्या मागे होड्या पळवणारा होडीवाला असेल तर सरळ नाही म्हणावे. एग्रेट बेटाची वेळ आधी ठरवून घ्यावी. आमच्या सहल कंपनीच्या कार्यक्रमात ते बेटही नव्हते, आप्रवासी घाटही नव्हता आणि कास्कावेलही नव्हते. होते ते तीन दिवस पाण्यातले खेळ आणि एक दिवस खरेदी. सूनबाईने हट्टाने दोन दिवस मोकळे ठेवून घेतले, म्हणून हे सगळे बघता आले.

परतल्यावर नातवाने शाळेत सहलीवर निबंध लिहिला. प्रवाळाचा तुकडा नव्हता, डोडोचा फोटोही नव्हता. निबंधाचे शेवटचे वाक्य असे होते : 'डोडो मला दिसला नाही, पण त्याचा भाऊ दिसला, आणि तो आता पाचशे आहे.' बाईंनी व्याकरणाचा एक गुण कापला. मी म्हटले, कापू दे.

आणि हो, यंदा माहेरच्या शेतात भावाने पाचट पेटवले नाही. सरीतच पसरून ठेवले आहे. खोडव्याला ओल राहील, म्हणाला.